राजाने दिलं ते आपण का अडवतो?

फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. आमच्या यावल तालुक्यात त्याचा अभिमान घरोघरी आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी साताऱ्याकडच्या औंध संस्थानात जे घडलं, ते मात्र इकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ग्रामपंचायतीचा सदस्य होतो तेव्हापासून मी ते सांगत आलोय.

औंध म्हणजे जेमतेम बहात्तर गावं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी आणि बॅरिस्टर होऊन आलेल्या त्यांच्या मुलाने, अप्पासाहेबांनी, कारभार रयतेच्या हाती द्यायचं ठरवलं. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर मदतीला आला, गांधीजींचा सल्ला घेतला गेला आणि जानेवारी 1939 मध्ये राज्यघटना लागू झाली. पाया गावच्या निवडलेल्या पंचायतीचा; त्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ. राजा राहिला तो घटनेने बांधलेला. वर इंग्रजांची सत्ता होतीच, तरी जेवढं हाती होतं तेवढं त्याने दिलं. कैद्यांवरही विश्वास टाकला: आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत त्याच वर्षी उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आमच्या पिढीने डोळे पुसत पाहिला, त्याचं मूळ तिथलं.

आता आमच्याकडे बघा. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, प्रशासक बसला आणि पुढची तीन वर्षं तरी मतदान झालं नाही. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरं. तो वाद महत्त्वाचाच आहे. पण तेवढा काळ गावाने शाळेच्या गळक्या छपरासाठी जायचं कुणाकडे? अधिकारी भला असेल, कामसूही असेल, पण त्याला आपण निवडलेलं नसतं आणि पुढच्या वेळी पाडताही येत नाही. लोकांचा माणूस सभागृहात नसला की निधी कुठे वळला हे विचारणाराच उरत नाही. मला याची चीड येते.

घटनेचं 243-ई कलम स्वच्छ सांगतं: पंचायतीची, म्हणजे जिल्हा परिषदेचीही, मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत निवडणूक. आरक्षण, प्रभाग, मतदारयाद्या यांची कामं निदान वर्षभर आधी उरकायचं बंधन सरकारवर कायद्याने घाला. जिल्ह्यातल्या आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात ही मागणी मांडावी.