नंदीच्या पाठीवरचा पाठ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मुलांचा तान्हा पोळा भरतो. १८०६ साली दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला, असे सांगतात. मुले लाकडी नंदीला गोंडे, झिरमिळ्या लावून सजवतात. पण रंगवलेला नंदी जवळून पाहा. एकसारख्या रंगात त्याचे कोरीवकाम सपाट दिसते. बारीक खाचांच्या सावल्याही बारीकच!

त्यावर एक उपाय आहे. चित्रकलेच्या काळ्या शाईच्या एका थेंबात दहा थेंब पाणी मिसळा आणि तैलरंग पक्का वाळलेल्या नंदीवर कुंचल्याने लावा. शाईचे मणी होतील, कारण पाण्याचा पृष्ठताण मोठा असतो. आता मिश्रणात थेंबभर साबणाचे पाणी घाला. पृष्ठताण उतरतो, शाई पसरते आणि केशाकर्षणाने खाचांत शिरते. उंचवट्यांवरची शाई फडक्याने लगेच टिपा. खाचांत सावली उरेल.

टिपायचे राहिले तर? थेंब वाळून काळे कडे उमटते. कडेचे पाणी लवकर उडते, तेव्हा आतले पाणी काजळीचे कण घेऊन कडेकडे वाहते. कॉफीच्या डागाचे हेच कोडे शास्त्रज्ञांनी १९९७ साली उलगडले.

माझे विद्यार्थी पृष्ठताणाची व्याख्या बिनचूक लिहितात, पण समोरच्या थेंबात तो ओळखत नाहीत. दोष त्यांचा नाही. आम्ही शिक्षकांनी त्यांना फक्त काचेची नळी दाखवली. माझ्या मते हा पाठ नंदीच्या पाठीवरच सुरू व्हावा. मग व्याख्या घोकावी लागणार नाही.