नाव सारखे, गाणे वेगळे

गोव्यात केरी किती? फोंड्यातली एक, सत्तरीतली एक आणि पेडण्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी असलेली एक. नाव तेच. म्हणून त्यांतल्या दोन जादा आहेत, नकाशावरून पुसून टाका, असे कोणी सुचवले तर आपण त्याला वेड्यात काढू. संगणकातल्या गाण्यांच्या बाबतीत मात्र हाच उद्योग घरोघर चालतो. आज त्याविषयी लिहायचे आहे.

आपल्याकडे संगीताचा संग्रह कसा वाढत गेला ते आठवून पाहा. आधी कॅसेटी, मग सीडी, मग एमपीथ्रीने भरलेल्या डिस्का, पेनड्राइव्ह, मोबाइल. प्रत्येक वेळी जुन्यातले थोडे नव्यात आले आणि जुनेही कपाटात राहिले. हे सगळे एका हार्ड डिस्कवर आणले की तेच गाणे पाच ठिकाणी सापडते. मग घरातला एखादा हुशार भाचा येतो, 'डुप्लिकेट' शोधणारा प्रोग्राम चालवतो आणि अर्ध्या तासात निम्मी डिस्क रिकामी करून चहा पिऊन जातो. सगळे खूश! पण नेमके काय गेले, हे कोणीच ऐकलेले नसते.

असे प्रोग्राम साधारण तीन तऱ्हांनी काम करतात. पहिली तऱ्हा फाइलचा प्रत्येक बाइट ताडून पाहण्याची. ही अगदी निर्धोक. दोन फाइली हुबेहूब असतील तरच ती त्यांना जुळी म्हणते. फाइलला बाहेरून वेगळे नाव दिले तरी ती फसत नाही. मात्र फाइलच्या आत नोंदलेले गायकाचे नाव बदलले, तर तेच गाणे तिला वेगळे वाटते. दुसरी तऱ्हा नाव पाहण्याची: गाण्याचे नाव, गायकाचे नाव, फार तर लांबी. तिसरी आवाजाचा ठसा घेऊन जुळवते. तिला कॅसेटवरून घेतलेले आणि सीडीवरून घेतलेले एकच ध्वनिमुद्रण बरेचदा ओळखता येते. यांतली दुसरी तऱ्हा सर्वांत सोपी आणि आपल्या संगीतासाठी सर्वांत घातक.

का, ते सांगतो. चित्रपटगीत घ्या. ते एकदा ध्वनिमुद्रित झाले, त्याच्या लाखो प्रती निघाल्या. तिथे सारखे नाव म्हणजे बहुतेक वेळा सारखेच गाणे. आपल्या गाण्याचे तसे नाही. 'भैरवी' हे काही एका गाण्याचे नाव नव्हे. एकच गायक तीच बंदिश चार मैफलींत चार तऱ्हांनी मांडतो. नाट्यपदांचे तर बोलायलाच नको. गोवा हिंदू असोसिएशनने 1964 साली 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आणले. नाटक वसंत कानेटकरांचे, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे आणि पराशराची पदे म्हापशाच्या रामदास कामतांच्या गळ्यातली. त्यातले एखादे पद तबकडीवर तीनेक मिनिटांचे असते आणि मैफलीत तेच कितीतरी लांबते. नाव तेच, गायक तोच. म्हणून मोठी फाइल जागा खाते असे ठरवून ती पुसली, तर गेले ते गाणे आणि उरली ती त्याची ओळख.

उलट बाजूही पाहा. फोंड्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचे नाव रोमन लिपीत कोणी एक शब्द करून लिहितो, कोणी दोन. मागे 'सूरश्री' लावले की तिसराच फोल्डर तयार! एकाच तबकडीच्या तीन प्रती तीन फोल्डरांत सुखाने नांदतात आणि नाव पाहणाऱ्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. म्हणजे जे वेगळे ते मारायचे आणि जे एकच ते पाळायचे, असा हा न्याय.

इथपर्यंत नामवंतांची गोष्ट झाली. त्यांची गाणी जगात कोणाकडे तरी सापडतील. माझी खरी काळजी पेडणे आणि डिचोलीतल्या मोबाइलांची आहे.

पेडण्याच्या जत्रांतून दशावतारी नाटके होतात. आख्यान ठरलेले असते, संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगमंचावर, त्या रात्री, समोरचे प्रेक्षक पाहून बोलतात. हार्मोनियमवाला आणि पखवाजवालाही तसेच धरून जातात. एकाच आख्यानाच्या दोन रात्रींची दोन ध्वनिमुद्रणे असतील तर ती दोन वेगळी नाटके आहेत. डिचोलीच्या वाड्यावाड्यांवर चवथीत घुमट, शामेळ आणि कासाळ्यांवर आरत्या होतात. शब्द महाराष्ट्रभर गातात तेच, पण चाल, लय आणि घुमटावरचा हात या गावचा वेगळा, त्या गावचा वेगळा. फाइलीचे नाव मात्र सगळीकडे 'आरती', 'आरती 1', नाहीतर नुसते 'ट्रॅक 01'. नावावरून निवड करणाऱ्या प्रोग्रामपुढे ही सगळी गावे एका ओळीत उभी राहतात आणि एक सोडून बाकीची कापली जातात.

घुमटाचे आणखी एक आहे. 2019 साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवत. घोरपड कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे जुन्या घुमटाचा नाद आता जुन्या कॅसेटींतच ऐकायला मिळणार. अशी कॅसेट संगणकावर उतरवून तिला 'आरती' हे नाव दिले, तर तिची गत काय होईल ते वेगळे सांगायला नको.

मग काहीच पुसायचे नाही का? जरूर पुसायचे. ढिगाऱ्याला संग्रह म्हणत नाहीत, कारण ज्यातले हवे ते सापडत नाही ते असून नसल्यासारखेच. माझे म्हणणे एवढेच की कचरा आणि पाठभेद यांतला फरक कानाने ठरवावा. पोथ्यांचे अभ्यासक दोन प्रतींतला पाठभेद जपतात, दुसरी प्रत रद्दीत घालत नाहीत. बाइटन् बाइट सारख्या फाइली डोळे मिटून काढा. नुसती नावे जुळत असतील तर आधी लांबी पाहा, मग सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका. ध्वनिमुद्रण एकच निघाले तर मूळ माध्यमाच्या जवळची प्रत ठेवा. फाइल मोठी म्हणजे आवाज चांगला, हा भ्रम आहे. 128 किलोबिटची फाइल 320 ची करून घेतली तरी गेलेला आवाज परत येत नाही, फक्त जागा अडीच पट जाते. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत तर अधिक सावध राहा. फिरण्याचा वेग थोडा चुकला की गायकाची पट्टीच बदलते, आणि खरी कुठली ते कळायला दोन प्रती समोर असाव्या लागतात.

पुसण्याआधी नाव द्या. गाव, देऊळ किंवा वाडा, वर्ष, निमित्त, गाणारे आणि वाजवणारे, सगळे देवनागरीत लिहा. 'आरती' ऐवजी असे नाव पडले की ती फाइल कोणाची जुळी उरत नाही. हे काम भाच्याला एकट्याने जमणारे नाही. आवाज ओळखणारी माणसे घरात आहेत, त्यांना शेजारी बसवा. "हो घुमट कोणाचो?" हे सांगू शकणारे कान दर चवथीला कमी होत आहेत.

आणि शेवटी, एक प्रत मुद्दाम जादा ठेवा, पण दुसऱ्या डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या घरात. 1977 साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर पृथ्वीवरचे संगीत अंतराळात गेले, त्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. 20 ऑगस्टला एक यान सुटले, 5 सप्टेंबरला दुसरे, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. दोन्ही यानांवर तीच तबकडी, तीच भैरवी. एक हरवली तर दुसरी असावी, एवढे शहाणपण अंतराळात पाठवलेल्या गाण्याच्या वाट्याला आले. केसरबाई तरी जगाच्या होत्या. आपल्या वाड्यावरच्या आरतीची दुसरी प्रत ठेवणारे आपल्याशिवाय कोणी नाही.