द्राक्षं आंबटच हवीत, बॉस!

अप्रेझलनंतरची पार्टी असो की टीममधल्या कुणाचं लग्न ठरलेलं असो, बाटलीचं बूच 'फट्' उडालं की आपण सगळे एका सुरात ओरडतो, 'शॅम्पेन!' बाटली बहुतेक वेळा दिंडोरीची असते. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात बनलेली नसेल तर तिला स्पार्कलिंग वाईन म्हणायचं, हा ज्ञानकण मीही बऱ्याच पार्ट्यांत फेकलाय. पण 'मग खऱ्या शॅम्पेनमध्ये द्राक्षं कुठली असतात?' असं मध्यंतरी एका मैत्रिणीने विचारलं आणि माझी गाडी 'शार्दने, पिनो न्वार, आणि...' इथेच अडकली.

तिसरं मेनिये. या तिघांनी तिथली ९९ टक्क्यांहून जास्त लागवड व्यापलीय. गंमत म्हणजे कायद्याने तिथे आणखी चार जुन्या जाती चालतात. पण त्यातल्या आर्बान आणि पेती मेलिये या दोघींची नावं वाईनचे भलेभले शौकीनही ऐकून नसतात.

या दोघींना परत आणणाऱ्या मोजक्या घरांपैकी एक म्हणजे ओब भागातल्या उरविल गावचं द्रापिये कुटुंब. १८०८पासून हे लोक द्राक्षं पिकवतायत. त्यांचं तळघर १२व्या शतकात क्लेरवोच्या मठातल्या साधूंनी बांधलेलं. जनरल द गॉल यांचं घर जवळच्याच कोलोंबे गावात, त्यांच्याकडे शॅम्पेन इथूनच जायची. म्हणजे आरामात नावावर खावं असं घराणं. पण या घरात भलत्याच वेळी भलतंच काही लावायची जुनी खोड आहे. आजोबांनी १९३०च्या दशकात इथे पिनो न्वार लावलं तेव्हा त्यांचं टोपणनावच 'पिनोबाबा' पडलं होतं. आज त्या भागात जिकडे पाहावं तिकडे पिनो न्वार!

नातू मिशेल द्रापिये यांनी त्याच्या उलटा प्रकार केला. सगळ्यांनी सोडून दिलेल्या वेली त्यांनी परत लावल्या. मावळात जो तो इंद्रायणीकडे वळला, तरी एखादे आजोबा खाचराच्या कोपऱ्यात आंबेमोहोर लावत राहतात ना, तसंच काहीसं. फरक एवढाच, की शॅम्पेनमध्ये हेक्टरभर मळ्याचा भाव दहा लाख युरोंच्या घरात जातो. अशा जमिनीत कमी फळ देणारी वेल लावायची, म्हणजे घरच्या अकाउंटंटने डोक्याला हात लावायचा.

कारण या वेली खरोखरच नखरेल आहेत. आर्बानचे मणी बारीक, उत्पन्न कमी, रोग चटकन पडतो आणि पिकायला ती उशीर लावते. पेती मेलियेला फुलोऱ्यात हवा बिघडलेली सोसत नाही. १९व्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे मळे साफ केले. नव्याने लागवड करताना शेतकऱ्याने भरवशाच्या जाती निवडल्या. त्याचं काय चुकलं? थंड वर्षी आर्बान पिकायचीच नाही, नुसती आंबट.

आणि खरी मेख त्या आंबटपणातच आहे. शॅम्पेनचे बुडबुडे येतात ते बाटलीतल्या दुसऱ्या फर्मेंटेशनमधून. तयार वाईनमध्ये लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची. गॅस आतच कोंडतो आणि दाब चढतो सहा अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत, म्हणजे कारच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. पण मूळ वाईनमध्ये आंबटपणा नसेल, तर हा सगळा खटाटोप लिंबू न पिळलेल्या सोड्यासारखा लागतो.

आता प्रांत तापलाय. २००३ साली तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली तेव्हा सगळे चक्रावले होते, आता ऑगस्टच्या तोडणीचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. उन्हाने द्राक्षात साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. अशा वेळी उशिरा पिकणारी आणि आंबटपणा धरून ठेवणारी आर्बान एकदम कामाची ठरते. जो दुर्गुण म्हणून हाकलली, तोच आता क्वालिफिकेशन!

द्रापियेंची 'क्वात्युओर' ही शॅम्पेन याच हिशेबावर उभी आहे. नावाचा लॅटिनमधला अर्थ चार. आर्बान, पेती मेलिये, ब्लाँ व्रे (म्हणजे आपल्या ओळखीचं पिनो ब्लाँ) आणि शार्दने, चौघांचा वाटा सारखा. लाडक्या शार्दनेलाही पावच! मात्र एवढ्याने प्रांत वाचेल असं समजू नका. जुन्या चारही जाती मिळून लागवड अजून अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि मोठ्या कंपन्यांना लागणारा माल या वेलींतून निघणं कठीण.

उन्हाशी हीच झटापट आपल्या नाशिककरांच्या पाचवीला पुजलेली. म्हणून तर आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी थंडी धरून, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उरकतात. २०१३मध्ये शाँदों कंपनीने दिंडोरीची स्पार्कलिंग वाईन बाजारात आणली, तेव्हा त्यांनीही शार्दने आणि पिनो न्वारच्या जोडीला शनँ ब्लाँ घेतलं. का? ते उन्हातही आंबटपणा टिकवतं.

मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे कोल्हा बरोबर बोलत होता तर!'