आम्हांला कुणी विचारले?

जनगणनेचा प्रगणक कटंगीच्या घरात येतो, समोर बसतो आणि विचारतो, "मातृभाषा कोणती?" उत्तर देणे कायद्याने बंधनकारक, तरीही तो विचारतोच. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याने त्या नोंदी गुप्त ठेवायच्या असतात. ज्यांच्या हाती सक्ती आहे ते विचारतात आणि ज्यांना कसलाच अधिकार नाही ते संशोधनाच्या नावाखाली आमचे बोलणे न विचारता नेतात, हा न्याय मला उमगत नाही.

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ लोकांपुढे येणाऱ्या मजकुरात फेरफार केला. कुणाला आनंदाचा मजकूर कमी दाखवला, कुणाला दुःखाचा, आणि त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते मोजले. २०१४ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा कुठे हे उघड झाले. संमती कोणती? तर खाते उघडताना मान्य केलेल्या अटी! निबंध छापणाऱ्या नियतकालिकालाच पुढे चिंता व्यक्त करणारे निवेदन काढावे लागले.

'ती अमेरिकेची गोष्ट' असे कुणी म्हणेल. मग मराठीपुरते बोलू. २०२२ मध्ये पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २५,००० हून अधिक मराठी ट्वीट गोळा करून त्यांची द्वेषमूलक, आक्षेपार्ह, शिवराळ आणि निर्दोष अशी प्रतवारी केली. द्वेष ओळखणारे यंत्र मराठीतही हवे, हा हेतू चांगलाच आहे. माझा प्रश्न पद्धतीचा आहे. 'मेल्या' हा शब्द आजी नातवाला लाडाने म्हणते, भांडणारा शेजाऱ्याला रागाने. आमच्या जिल्ह्यात तर एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि पोवारी नांदतात. अशा वाक्याचा अर्थ बोलणाराच नीट सांगू शकतो. त्यालाच वगळून त्याच्या बोलण्यावर शिक्का कसा मारायचा?

"पण ते उघड्यावरच लिहिले होते ना?" हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही, माणसाने स्वतः जाहीर केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे कायदा इथे थांबतो. नीतीनेही तिथेच थांबावे काय? गुजरीत मोठ्याने बोलणारा गुजरीपुरते बोलतो. त्याचे वाक्य कायमचे कुणाच्या दप्तरी जमा व्हावे, अशी त्याची परवानगी नसते.

हजारोंना विचारणे शक्य नाही, हे मान्य. पण पुढाऱ्याचे जाहीर भाषण आणि गृहिणीची तक्रार यांत फरक करता येतो. व्हॉट्सअॅपच्या बंद गटात परवानगीवाचून शिरू नये. नावे गाळावीत. वाक्य जसेच्या तसे छापू नये, कारण त्यावरून माणूस शोधता येतो. 'माझे काढून टाका' म्हणणाऱ्याचे काढावे. आरोग्य-संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे, माणसाला समजेल अशा भाषेत संमती घ्या, असे सांगतात. बोलण्याच्या संशोधनाला वेगळा न्याय का?

शाळेतल्या निबंधवह्या कुणाला अभ्यासायला हव्या असतील, तर तो मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडे येईल आणि मी पालकांना विचारीन. त्याच मुलाने मोबाइलवर लिहिलेल्या चार ओळींसाठी कोण कुणाला विचारतो?

सीमेवरच्या मराठीचा अभ्यास व्हावा, ही आमची जुनी मागणी आहे. अभ्यासकांनी जरूर यावे, फक्त दार वाजवून यावे.