जादुई आकड्याचे भगत

निकालाच्या दिवशी वाहिन्यांवर कोट चढवून बसणाऱ्या विद्वानांच्या तोंडी एकच मंत्र असतो: जादुई आकडा. लोकसभेला 272, आपल्या विधानसभेला 145. त्याखाली एक जागा आली की लोकशाही थेट अतिदक्षता विभागात! अहो पंडित, घटनेत हा आकडा आहे कुठे? कलम 75 सांगतं, मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार. आणि सभागृहाचा निर्णय होतो तो हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमतानं. म्हणजे विरोधात पडतील त्यापेक्षा एक मत जास्त, संपलं. बाकीचे बाहेर कँटीनमध्ये चहा ढोसत बसले तरी चालतं. चालतं कसलं, बसावेतच! अल्पमतातल्या सरकारचे खरे तारणहार तेच.

ही विद्या आपल्याकडे कोणी कोळून प्यायली आहे, हे तुम्हाला सांगायला नको. 2014 च्या ऑक्टोबरात भाजपचे 122 आले. ज्या राष्ट्रवादीला प्रचारात भ्रष्टाचारवादी म्हणून झोडपलं, तिनं निकालाच्याच दिवशी न मागता बाहेरून पाठिंबा देऊन टाकला. कशासाठी? राज्याच्या स्थैर्यासाठी! (आपल्याकडे सगळे अस्थिर उद्योग स्थैर्यासाठीच होतात.) 12 नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आला आणि आवाजी मतदानानं मंजूरही झाला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत बोंबलत राहिल्या. आकडा नाही, यादी नाही, कोण कुठे उभा राहिला त्याची नोंद नाही. बहुमत अध्यक्षांच्या कानाला ऐकू आलं, आणि तो कान अर्थातच निःपक्षपाती होता! राष्ट्रवादीनं ‘हो’ म्हटलं, ‘नाही’ म्हटलं की नुसता घसा साफ केला, हे इतिहासाला कायमचं गुलदस्त्यात. आठवड्याभरात अलिबागच्या शिबिरात शरद पवार कार्यकर्त्यांना सांगतात, मध्यावधीच्या तयारीला लागा. गेलं स्थैर्य मांडव्याच्या लाँचनं! इकडे शिवसेनेचे एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले आणि महिना भरायच्या आत त्याच सरकारात मंत्री. विरोधाला इतकी झटपट बढती जगात दुसरीकडे मिळत नसावी.

बाहेरून पाठिंबा म्हणजे भाडेकरू घरात आणि किल्ली शेजाऱ्याच्या खिशात. चंद्रशेखरांना विचारा. साठेक खासदारांवर पंतप्रधान झाले, काँग्रेसच्या टेकूवर. 1991 च्या मार्चमध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस शिपाई घुटमळताना सापडले आणि काँग्रेस रुसली. तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट, नीट अर्थसंकल्पही मांडता आलेला नाही, आणि सरकार गेलं कशावर? दोन हवालदारांवर!

आता भगतांची खरी पंचाईत. त्यानंतर आलेलं नरसिंह रावांचं सरकारही अल्पमतातलंच. त्यानंच जुलै 1991 मध्ये रुपयाचं अवमूल्यन केलं, परवाना राज मोडलं. एकहाती बहुमतवाल्यांना जे चाळीस वर्षं जमलं नाही, ते टेकूवरच्या माणसानं महिन्याभरात उरकलं. विरोधकांना पुन्हा निवडणूक नको होती, एवढं भांडवल त्याला पुरलं. दुसरं भांडवल 1993 मध्ये लागलं. अविश्वास ठराव 251 विरुद्ध 265 असा फेटाळला गेला आणि पुढे झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांचं लाच प्रकरण निघालं. त्यात सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्ये दिलेला निकाल तर विनोदी साहित्यात लावावा असा. लाच घेऊन ठरल्याप्रमाणे मत देणाऱ्या खासदाराला घटनेचं संरक्षण. मत न देणाऱ्याला नाही! म्हणजे गिऱ्हाइकाशी प्रामाणिक राहा, घटना तुमच्या पाठीशी आहे. ही प्रामाणिकपणाची व्याख्या पुसायला 2024 उजाडलं.

आणि 1999? वाजपेयी एका मतानं पडले, 269 विरुद्ध 270. पाडणाऱ्यांनी आपल्याकडे 272 असल्याचं सांगितलं. मुलायमसिंहांनी मान फिरवली आणि आकडा विरघळला. मग काय झालं? सभागृहाचा विश्वास गमावलेलं तेच सरकार काळजीवाहू म्हणून ऑक्टोबरपर्यंत बसलं आणि त्यानंच कारगिलचं युद्ध लढलं. देशाचं युद्ध चालवायला पात्र, पण लोकसभेत बसायला अपात्र! कळतंय का काही?

यावर उपाय जर्मनांनी 1949 मध्येच लिहून ठेवला आहे: चॅन्सेलर पाडायचा असेल तर त्याच ठरावात नवा निवडा. 1982 मध्ये श्मिट गेले ते कोल यांचं नाव पक्कं करूनच. आपल्या विधी आयोगानंही वाजपेयी पडल्यावर दीड महिन्याच्या आत अशीच शिफारस केली. अहवाल छान बांधलेला आहे म्हणतात. घटनेत तसं कलम घालायचं तर दोन तृतीयांश मतं लागतील. आणि तिथे, दुर्दैवानं, आवाजी मतदान चालत नाही.