फाटकाआतील बाजारपेठ

करमणूक उद्यानाचे फाटक ओलांडताच स्पर्धा संपते व मक्तेदारी सुरू होते. १९७१ साली फ्लोरिडात उघडलेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड याला अपवाद नाही. मिकी माऊसच्या सहवासातील भोजनाची जागा तेथे ६० दिवस आधी राखून ठेवता येते. परंतु ४ वर्षांच्या मुलाची भूक कोण राखून ठेवणार? म्हणूनच लहान मुलांसाठी उपाहारगृह निवडताना पदार्थांच्या यादीपेक्षा प्रतीक्षेचा काळ तोलून पाहावा. सुदैवाने या उद्यानात घरचा डबा नेण्याची मुभा आहे. मक्तेदारीवरील खरा अंकुश ग्राहकाच्या हातातील पर्यायाचाच असतो. जेथे डबाच अडवला जातो, तेथे पालकांनी आतील दर तिकीट काढण्यापूर्वीच विचारलेले बरे. नंतरची तक्रार व्यर्थ होय.