‘ध’चा ‘मा’ कोणीं केला?

बाहेरच्या दरोडेखोरानें खून केला तर सारें घर ओरडून उठतें. घरच्याच माणसानें घरच्या माणसाचा जीव घेतला तर तेंच घर तोंडाला कुलूप घालून बसतें. घर बोलत नाहीं असें दिसलें, कीं गांव आपल्या सोयीचा एक गुन्हेगार ठरवून टाकतें, आणि तो बहुतकरून असा असतो कीं ज्याला उलट बोलतां येत नाहीं. एका जुन्या खुनाचा दाखला घेऊन आम्ही आज हेंच वाचकांपुढें मांडणार आहों.

‘ध’चा ‘मा’ करणें ही म्हण आमच्या शेतकरी घरांतल्या बायकापोरांसही ठाऊक आहे. ती ज्या खुनावरून निघाली तो खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणपतीच्या दिवसांत, पुण्यास शनिवारवाड्यांत झाला. नारायणराव पेशवा अवघा अठरा वर्षांचा. थकलेल्या पगाराचें निमित्त करून गारदी वाड्यांत शिरले. पोरगा जीव घेऊन पळाला तो त्याच वाड्यांत कैदेंत असलेल्या आपल्या चुलत्याच्या, रघुनाथरावाच्या, गळ्यांत जाऊन पडला. आणि तेथेंच कापला गेला. त्याला वांचवितांना चापाजी टिळेकर हा हुजऱ्या मेला. वाड्यांतल्या दासीही मेल्या; त्यांचीं नांवें मात्र आज कोणाच्या तोंडीं नाहींत.

खुनानंतर पेशवाईचीं वस्त्रें कोणाला मिळालीं? चुलत्याला! आतां ज्याच्या हुकुमांत आपण नोकरी करावयाची त्याच्याच घरच्या खुनाचा तपास कोण करणार? तो रामशास्त्री प्रभुणे यांनीं केला. गारद्यांस चिथावणी कोठून मिळाली याचा माग काढतां काढतां शास्त्री चुलत्यापर्यंत पोहोंचले, त्याला तोंडावर दोषी म्हणाले आणि पुणें सोडून निघून गेले. न्यायाधीशाला खरें सांपडलें, पण तें अमलांत आणण्याची सत्ता आरोपीच्याच हातीं होती, हें ध्यानांत ठेवा.

आतां म्हणीकडे वळूं. सांगतात असें कीं, रघुनाथरावानें लिहून दिलें होतें ‘धरावें’. त्याची बायको आनंदीबाई हिनें ‘ध’ काढून ‘मा’ केला आणि ‘मारावें’ झालें. ग्रँट डफच्या १८२६ सालीं छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत ही हकीगत आहे. पण अक्षर बाईनें बदललें हें तोही लोकसमजूत म्हणूनच सांगतो. आम्ही विचारतों, अक्षर फिरविलेला तो अस्सल कागद कोठें आहे? बाईला लिहितांना कोणीं पाहिलें? तिची जबानी कोणीं घेतली? अडीचशें वर्षें होऊन गेलीं, कागद पुढें आला नाहीं. तरी कागदावांचून बाईला मात्र फांशीं दिली गेली आहे, आणि ती रोज दिली जाते! बाई निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं. पुरावा नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि वाद एका अक्षराचा जरी धरला, तरी पुतण्यावर शस्त्रधारी गारदी सोडण्याचा कट कोणाचा, हा सवाल उरतोच.

शिक्षा कोणाला झाली तेंही पाहा. गारद्यांपैकीं जे हातीं लागले ते देहान्तास गेले. कारभाऱ्यांनीं गादीवरून काढलेला चुलता मात्र इंग्रजांच्या आश्रयास गेला. १७७५ च्या सुरतेच्या तहांत त्यानें साष्टी व वसई देऊं केली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्याला नेमणूक बांधून मिळाली. आणि १७८३ सालीं तो आपल्या मरणानें मेला. हत्यार मोडलें, हात शाबूत राहिला, आणि बोल लागला बायकोला.

शेतकरी बंधूंनो, पेशव्यांच्या वाड्यांतली ही तऱ्हा आपल्या चौसोपी घरांत आणि झोंपडींत नाहीं काय? बांधाच्या तंट्यांत एखादा भाऊ विहिरींत सांपडतो. दहाव्याला कावळा शिवण्यापूर्वींच कुजबुज सुरू होते, कीं बायकोच पांढऱ्या पायाची, किंवा सालगड्यानेंच केलें असेल. जमिनीवर कोणाचें नांव चढलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. फेरफाराचा उतारा काढून पाहा. फायदा झाला म्हणजे खून केला असें नव्हे. पण तपासाचें पहिलें पाऊल तेथेंच पडलें पाहिजे. दुसरें पाऊल पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या अहवालाकडे. तिसरें, त्या रात्रीं घरांत कोण कोण होतें त्यांच्याकडे. आणि त्यांत भाकरी थापणारी बाई व गोठ्यांत निजणारा गडी हे साक्षीदार म्हणून विचारले गेले पाहिजेत, आयते आरोपी म्हणून नव्हे.

“जुनी गोष्ट, आतां काय होणार?” असें भाऊबंद सांगतील. खुनाच्या फिर्यादीला आजच्या कायद्यांत मुदतीचें बंधन नाहीं. ठाण्यांत फिर्याद घेत नसतील तर ती लिहून टपालानें जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकास धाडावी. तेथेंही दाद न लागली तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. नोंदलेल्या फिर्यादीची नक्कल फिर्यादीला फुकट मिळते. ती घेतल्यावांचून ठाण्याची पायरी उतरूं नये.

साक्षीदार म्हातारे होतात, कागदाला वाळवी लागते. ज्या घरांत असें एखादें मरण दडपलेलें असेल त्या घरानें आपल्या थोरल्या माणसांस ते जिवंत आहेत तोंवर बसवून विचारावें, जें पाहिलें तेवढेंच लिहून घ्यावें, आणि ऐकीव असेल तें ऐकीव म्हणून वेगळें ठेवावें. संशयाचा माणूस नात्यानें काका असो कीं मामा, मानानें पाटील असो कीं सरपंच, त्याला वगळून केलेल्या तपासाला आम्ही तपास म्हणत नाहीं.